जिभेखालची दहा मिनिटं

ताई: उंची पाच फूट सात. वजन मला माहीत नाही, ते तुमच्या काट्यावर बघा. पुढे काय... ‘दात हलतात का?’ छोट्या, दात हलतात का रे तुझे?

छोट्या: नाही.

ताई: ‘घोरता का?’ हो. हे जरा मोठ्या अक्षरात लिहिते डॉक्टर, कारण भिंतीपलीकडे ऐकू जातं.

डॉक्टर: लिहा, लिहा. भूल आम्ही देतो, त्यामुळे घोरणाऱ्यांची आधी ओळख झालेली बरी. तुम्ही थोरल्या बहीण ना?

ताई: थोरली आणि एकुलती. याचा उजवा हात झोळीत, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एरवी हा मला स्वतःच्या कुठल्या कागदाला हात लावू देत नाही. त्रेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात छोट्याच आहे, पण कागदांच्या बाबतीत एकदम मोठा.

डॉक्टर: खांद्याला काय झालं नक्की? सर्जनने लिहिलंय, पण तुमच्या तोंडून ऐकते.

छोट्या: लिफ्टच्या मशीनचा ब्रेक खाली उतरवत होतो. जोडीदाराचा हात सुटला. मी एकट्याने धरला. आतून कट्‌ असा आवाज आला.

डॉक्टर: लिफ्ट दुरुस्त करता?

छोट्या: दहा वर्षं झाली.

ताई: सातवी.

डॉक्टर: काय सातवी?

ताई: जांभई. या खोलीत बसल्यापासून सातवी. मी मोजतेय.

छोट्या: झोप नाही झाली ताई. खांदा दुखतो तर झोप कशी लागणार?

ताई: खांदा तीन आठवड्यांपासून दुखतोय. जांभया मंगळवारपासून आहेत. आणि नाक. आणि बघा डॉक्टर, पंखा बंद आहे, मला घाम फुटलाय आणि याच्या हातावर काटा उभा आहे.

डॉक्टर: बघितलं मी. फॉर्म पूर्ण करू आधी. पुढचा प्रश्न कुठला?

ताई: पुढचा... ‘तंबाखू, दारू, इतर नशेचे पदार्थ, आत्ता किंवा पूर्वी.’

छोट्या: ‘नाही’ लिही.

डॉक्टर: पेन का थांबलं तुमचं?

ताई: मी नाही लिहिणार.

छोट्या: ताई, लिही ना. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आता कशाला उकरून काढतेस?

ताई: उद्या हे तुला झोपवणार, श्वास यांच्या हातात देणार आणि मी इथे सही करून खोटं लिहू? हेरॉईन, डॉक्टर. गर्द म्हणायचे तेव्हा. आठ वर्षं घेत होता. सोडून अकरा झाली. म्हणजे मी तरी अकरा समजत होते.

छोट्या: समजत होते म्हणजे काय?

ताई: तूच सांग म्हणजे काय ते.

डॉक्टर: एक मिनिट. दोघांनी एक मिनिट थांबा. अकरा वर्षं?

छोट्या: हो.

डॉक्टर: मला विचारायचं आहे, आणि हे फॉर्मसाठी नाही. रागावणार नसाल तर विचारते. कसं जमवलंत?

छोट्या: म्हणजे?

डॉक्टर: अहो, या दवाखान्यात मला न टिकलेलेच दिसतात. बेशुद्ध होऊन येतात, आम्ही शुद्धीवर आणतो, दोन दिवसांनी निघून जातात. जे टिकतात ते कुठे जातात, काय करतात, आम्हाला कळतच नाही. म्हणून विचारलं.

छोट्या: हे कुणी विचारत नाही. लागलं कसं ते सगळे विचारतात, टिकलं कसं ते कुणी नाही.

डॉक्टर: मग मी विचारते.

छोट्या: एक काही सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा ताईने घरच बदललं. शिवणाचं दुकान उचललं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

ताई: बावीस वर्षांची गिऱ्हाइकं सोडून. तेही सांग.

छोट्या: बावीस वर्षांची गिऱ्हाइकं सोडून. फोनचा नंबर बदलला. जिथे माल घ्यायचो त्या जुन्या चौकातून बस जाते, तर मी दोन थांबे अलीकडे उतरून चालत जातो. अजून. आणि मग फोरमन भेटला. त्याने मला कुलूप दिलं.

डॉक्टर: कुलूप?

छोट्या: लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी वीज बंद करायची आणि त्या मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं. खाली चार माणसं उतरली तर चार कुलपं. ज्याचं त्याने लावायचं, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. माझं कुलूप तिथे आहे तोवर वीज चालू करायला कुणी धजत नाही. फोरमन नाही, इमारतीचा मालक नाही. एकदा एक मोठे साहेब पाऊण तास खाली ताटकळत उभे होते, आरडाओरडा चालला होता, पण माझ्या कुलपाला कुणी बोट लावलं नाही.

ताई: हे मला कधी सांगितलं नाहीस.

छोट्या: काय सांगणार? घरात तेव्हा मला दाराची किल्लीसुद्धा नव्हती.

ताई: नव्हती. मी दिली नव्हती.

छोट्या: तक्रार नाही करत गं. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. पण दिवसातून एकदा तरी कुठेतरी लोक आपलं कुलूप मानतात म्हटल्यावर सकाळी उठायला बरं वाटायचं. एवढंच.

डॉक्टर: अजून?

छोट्या: अजून... रविवारी एकाला फोन करतो. तो माझ्याबरोबरच सुटलेला. तुम्हाला वाटेल आम्ही मोठं काही बोलत असू. तो गच्चीत टोमॅटो लावतो. कीड पडली, पानं पिवळी झाली, मांजराने कुंडी पाडली, हेच अर्धा तास. इतका कंटाळा येतो की विचारू नका.

डॉक्टर: मग करता कशाला?

छोट्या: एका रविवारी नाही केला, तर दहा मिनिटांत त्याचाच फोन आला. आवाज घाबरलेला. तेव्हापासून चुकवत नाही. आणि कंटाळा सहन करता यायला लागतो, डॉक्टर. आम्हाला तेच येत नव्हतं.

ताई: झालं सांगून? आता मंगळवारपासूनचं सांग.

छोट्या: ताई.

ताई: मी आठ वर्षं पाहिलंय हे सगळं. माल मिळाला नाही की याला अश्शा जांभया यायच्या. अस्संच नाक गळायचं, असेच पाय हलायचे, बघा कसे हलतायत टेबलाखाली. मला शिकवू नकोस. कुठून तरी पुन्हा आणायला लागला आहेस आणि ऑपरेशन जवळ आलं म्हणून चार दिवस घेतलेलं नाहीस. काल तू आंघोळीला गेलास तेव्हा तुझी हत्यारांची पिशवी मी उलटी केली.

छोट्या: माहितीये. पाने उलट्या कप्प्यांत ठेवलेस. आणि मंगळवारी कपाटाची किल्ली पुन्हा गळ्यात घातलीस, तेही बघितलं.

ताई: मग बोलला का नाहीस?

छोट्या: काय बोलू? किल्ली तुझी, गळा तुझा.

डॉक्टर: मला जरा इकडे बघा. वर. आता या बॅटरीकडे. दुसरा डोळा... हं.

ताई: काय दिसतंय?

डॉक्टर: बाहुल्या मोठ्या आहेत.

ताई: म्हणजे घेतोय.

डॉक्टर: उलटं आहे, ताई. हेरॉईन घेतलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तुमचं निम्मं बरोबर आहे, हा काहीतरी सुटल्याचाच त्रास आहे. पण त्यात एक गंमत आहे. चौथ्या दिवशी गर्दवाला असा खुर्चीत बसून टोमॅटोच्या गोष्टी सांगत नाही. त्याचं जोरात चढतं आणि लवकर ओसरतं. हे हळू येतंय. काय बंद केलंत तुम्ही?

छोट्या: ते जाऊ द्या ना, डॉक्टर.

डॉक्टर: मला सांगितलं नाहीत तर मी उद्या भूल देणार नाही. धमकी नाही ही. मला देताच येणार नाही.

छोट्या: गोळी. रविवारपासून.

डॉक्टर: जिभेखाली ठेवायची? गर्दच्या बदल्यात देतात ती?

छोट्या: हो.

डॉक्टर: किती वर्षं घेताय?

छोट्या: अकरा.

ताई: कुठली गोळी? ती व्यसनमुक्ती केंद्रातली? ती तर नऊ वर्षांपूर्वीच सुटली तुझी.

छोट्या: नाही सुटली.

ताई: तू घरी येऊन सांगितलंस. दारात उभा राहून सांगितलंस, ताई, उद्यापासून केंद्रात रोज जायचं नाही.

छोट्या: रोज जायचं नव्हतंच. पहिली दोन वर्षं तिथे नर्ससमोर घ्यावी लागायची. मग त्यांचा भरवसा बसला आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला लागले. मी तेवढंच सांगितलं. तू पुढचं ऐकलंच नाहीस. तू मशीन थांबवलंस आणि रडलीस. शेजारणीला हाक मारून सांगितलंस, माझा भाऊ सुटला. मग मी कुठल्या तोंडाने सांगू?

ताई: नऊ वर्षांत तोंड सापडलं नाही?

छोट्या: त्याच्या आदल्याच महिन्यात तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं?

ताई: मी दिवसाला हजार गोष्टी म्हणते.

छोट्या: म्हणाली होतीस, ‘अजून गोळीवरच आहेस म्हणजे सुटलं कुठे, नुसतं नाव बदललं.’

ताई: असं म्हणाले मी?

छोट्या: कात्रीने दोरा कापता कापता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

ताई: मग दर पंधरा दिवसांनी शनिवारी त्या लांबच्या इमारतीत लिफ्ट तपासायला जायचास ते...

छोट्या: केंद्र. त्या इमारतीला लिफ्टच नाही.

ताई: आणि गोळ्या ठेवायचास कुठे? मी घराचा कोपरा न कोपरा झाडते.

छोट्या: चष्म्याच्या डबीत.

ताई: थांब. तुला चष्माच नाही.

छोट्या: नाही.

ताई: नऊ वर्षं हा माणूस खिशात चष्म्याची डबी घेऊन फिरतोय आणि मला एकदाही वाटलं नाही की चष्मा कुठे आहे. काल ती पिशवीत हाताला लागली होती, डॉक्टर. बाजूला ठेवली मी ती.

डॉक्टर: मला एक समजत नाहीये. अकरा वर्षं नेमाने घेतलीत आणि नेमकी ऑपरेशनच्या आधी बंद केलीत. केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलंत?

छोट्या: नाही. फोनवर वाचलं. ही गोळी चालू असली की दुखण्यावरची औषधं नीट लागू पडत नाहीत. आणि हा फॉर्म तुमच्या माणसाने आठवड्यापूर्वीच दाखवला होता. माझा हात झोळीत. म्हणजे लिहिणार ताई. ‘रोज कुठली औषधं घेता’ ही ओळ ती मोठ्याने वाचणार. म्हटलं, तोवर बंद करून टाकू. म्हणजे ‘नाही’ लिहिलं तरी खोटं होणार नाही.

डॉक्टर: दुखतंय किती?

छोट्या: खांदा? खांद्याचं काही वाटेना आता. पाय झोपू देत नाहीत. काल जुन्या चौकाची बस आली आणि मी उतरलो नाही, डॉक्टर.

ताई: काय?

छोट्या: दोन थांबे आधी उतरतो ना मी. काल उतरलो नाही. चौकात पोचलो. खिडकीतून बघितलं. मग पुढे गेलो आणि पुढून चालत आलो. उतरलो नाही तिथे. पण आधीही उतरलो नाही. कळतंय का?

ताई: कळतंय.

डॉक्टर: ताई, तुम्ही रोज एखादी गोळी घेता?

ताई: थायरॉईडची. उपाशीपोटी. सतरा-अठरा वर्षं झाली.

डॉक्टर: कधी सुटणार?

ताई: ती कशी सुटेल, ती घेते म्हणून तर मी... कळलं. मला शाळेत घालू नका डॉक्टर, एवढं कळतं मला.

डॉक्टर: नाही घालत. ज्यांचं टिकतं त्यांच्यात बरेच जण वर्षानुवर्षं गोळीवर असतात, एवढंच सांगते. कधी कमी करायची, करायची की नाही, ते त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी सावकाश ठरवायचं. चार दिवसांत, एकट्याने, फोनवर वाचून नाही. आणि तुमच्या कुलपाचं मला आवडलं हो. एक विचारू त्यातलं?

छोट्या: विचारा.

डॉक्टर: खाली तुम्ही खड्ड्यात आहात आणि वरून कुणी म्हणालं, झालं आता, तुमचं कुलूप काढतो. तर?

छोट्या: नाही काढायचं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. आपण वर यायचं, स्वतः बघायचं आणि आपल्या हाताने काढायचं.

डॉक्टर: मग हे रविवारी कसं काढलंत? उत्तर नको मला. उद्याचं ऑपरेशन सोमवारी घेऊ. खांद्याचा स्नायू फाटलेला आहे, तीन दिवसांनी काही बिघडत नाही, सर्जनशी मी बोलते. गोळी चालू ठेवून आम्ही ऑपरेशन करतो, नेहमी करतो. हाताकडे जाणारी नस आधीच बधिर करीन, पहिला दिवस तर हात आपला आहे की शेजाऱ्याचा हेही कळणार नाही. पुढच्या दुखण्याचंही बघू, त्याला वाटा आहेत. फक्त मला काय काय चालू आहे ते कळायला हवं. केंद्राचा नंबर द्या.

छोट्या: डबीत चिठ्ठी आहे. डबी... ताई, तुझ्या पिशवीत आहे ना माझं सामान?

ताई: ही घे. मीच भरली होती. म्हटलं, ऑपरेशननंतर वाचायला चष्मा लागेल.

(डॉक्टर चिठ्ठी घेऊन फोन करायला बाहेर जातात.)

ताई: बोलायला बरी आहे बाई.

छोट्या: हं.

ताई: चौकात उतरला असतास तर?

छोट्या: माहीत नाही.

ताई: मला फोन केला असतास?

छोट्या: तुला कसा करणार? तुझ्या लेखी मी नऊ वर्षांपूर्वीच सुटलेला. सुटलेल्या माणसाने तलफ आली म्हणून फोन करायचा नसतो.

ताई: टोमॅटोवाल्याला?

छोट्या: त्याला केला. बसमधूनच. गुरुवारचा माझा फोन बघून तो काही बोललाच नाही. कुठल्या कुंडीला किती पाणी घातलं ते सांगत राहिला, मी पुढच्या थांब्यावर उतरेपर्यंत.

ताई: थांब. काल तर बुधवार होता. आज गुरुवार.

छोट्या: बुधवारचा. बघ, वारही आठवेनात.

ताई: त्याला घरी बोलाव एकदा. टोमॅटो घेऊन ये म्हणावं.

डॉक्टर: बोलणं झालं. तुमचे डॉक्टर आधी रागावले, मग त्यांना बरं वाटलं. मध्ये दुसरं काही घेतलेलं नाही ना? नक्की? आज किती घ्यायची ते सांगितलंय त्यांनी, हे लिहून दिलंय. इथेच घ्या, माझ्यासमोर. संध्याकाळी मी पुन्हा येऊन बघते. आणि ताई, हिला पूर्ण विरघळायला दहा मिनिटं लागतात. तोवर बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी नाही. बोललं की थुंकीबरोबर पोटात जाते आणि पोटात गेली की फुकट.

ताई: दहा मिनिटं बोलायचं नाही?

डॉक्टर: अजिबात नाही. रोजच. यांना सवय असेल. ठेवा जिभेखाली. मी वॉर्डात एक चक्कर मारून येते, तो फॉर्म मात्र भरून ठेवा.

ताई: लिहिते... ‘पूर्वी होती. अकरा वर्षांपूर्वी सोडली.’ आणि ‘रोजची औषधं’ इथे हिचं नाव. नीट दाखव चिठ्ठी. केवढं लांब नाव आहे. झालं.

छोट्या: ...

ताई: रोज कधी घेतोस? बोलू नकोस, बोटांनी सांग. सकाळी? सहा... पावणेसात?

छोट्या: ...

ताई: गॅलरीत.

छोट्या: ...

ताई: आईच्या खुर्चीमागे उभा राहून. पाठ माझ्याकडे. मी चहा पुढे करायचे, तर तू हातानेच थांब म्हणायचास. मी काही विचारलं तर मान हलवायचास. दहा मिनिटं झाली की वळायचास आणि काही घडलंच नाही अशा थाटात म्हणायचास, ताई, चहा. नऊ वर्षं. एक दिवस चुकला नाही.

छोट्या: ...

ताई: मी काय समजत होते सांगू? बोलता येत नाही तुला तोवर सांगून टाकते, नाहीतर तू मध्ये बोलशील आणि माझं राहील. आई शेवटचे दोन दिवस सारखं तुला विचारत होती. तू आलास आणि मी वॉर्डाच्या दारात आडवी आले. म्हटलं, या अवस्थेत तिला दिसू नकोस. तू भांडलासुद्धा नाहीस. जिन्यावर जाऊन बसलास. ती गेली तेव्हा तू तिथेच होतास, पंधरा पायऱ्या खाली.

छोट्या: ...

ताई: मला वाटायचं, हा दिवसभर माझ्याशी हसतो, माझं मशीन दुरुस्त करतो, माझ्यासाठी औषधं आणतो. पण सकाळची ती दहा मिनिटं आईची. तेवढा वेळ हा मला माफ करत नाही. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. दिवसात दहाच मिनिटं तर आहेत, ती त्याने घ्यावी. एकदाही विचारलं नाही मी तुला. वाटायचं, विचारलं तर तू खरं सांगशील.

छोट्या: ...

ताई: आणि तू औषध चघळत होतास. बरं, चघळत नाही. बोट कशाला हलवतोस, कळलं, विरघळवत होतास.

छोट्या: ...

ताई: ही किल्ली काढून ठेवते आधी. दोरा टोचतोय मानेला मंगळवारपासून. छोट्या, आता खरं सांगायचं. गोळीचं समजलं मला. पण राग होता की नव्हता?

छोट्या: ता...

ताई: श्शू. अजून चार मिनिटं आहेत. मानही हलवू नकोस, मान हलवून सांगण्यासारखं नाही ते. विरघळू दे आधी नीट. नऊ वर्षं थांबले, चार मिनिटं थांबते मी.